शेवटच्या भागाने बाबांचा हिरमोड झाला, आता पुढे काय वाचावं? (सल्ला हवा आहे)

गोदाकाठ · रविवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण सगळी हकिकत सांगितल्याशिवाय मला नेमकं काय हवंय ते कळणार नाही.

आम्ही नाशिकरोडला जेल रोडवर राहतो. बाबा ७८ वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, इथे नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटा आणि स्टॅम्प छापणारे सरकारी छापखाने. बाबांची निम्म्याहून जास्त नोकरी छापून आलेल्या शीटा तपासण्यात गेली. शाई कुठे फुटलीय, आकडा कुठे केसभर सरकलाय हे बघायचं आणि तसली शीट बाजूला काढायची. घरी आले की हातपाय धुऊन रहस्यकथा. सुरुवात अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूपासून झाली, आणि इंग्रजी पुस्तकं वाचायला लागले ते अगाथा ख्रिस्तीसाठी.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला त्रास सुरू झाला. कडेचं दिसतं, समोरचं नेमकं मधोमध पुसल्यासारखं होतं. वाचन बंद झालं. तेव्हापासून रोज जेवणं झाली की साडेआठ ते सव्वानऊ मी त्यांना वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी असलं तरी मी वाचता वाचता मराठीतच सांगते. त्यांना इंग्रजी कळतं, पण कानाने ऐकताना दमायला होतं म्हणतात.

यंदा आम्ही ख्रिस्तीचीच टॉमी-टपेन्स या रहस्यं सोडवणाऱ्या जोडप्याची मालिका घेतली. पाचच पुस्तकं. पहिलं १९२२ चं 'द सिक्रेट ॲडव्हर्सरी', मग १९२९ च्या कथा 'पार्टनर्स इन क्राइम', १९४१ ची युद्धकाळातली 'एन ऑर एम?', १९६८ ची 'बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्स' आणि १९७३ ची 'पोस्टर्न ऑफ फेट'. बाबांना ही जोडी आवडण्याचं कारण म्हणजे ती म्हातारी होत जाते. पहिल्या पुस्तकात दोघांची वयं मिळून पंचेचाळीससुद्धा भरत नाहीत, खिशात पैसा नाही, युद्ध नुकतंच संपलंय. पुढे लग्न, मुलं, दुसरं युद्ध, पिकलेले केस. पहिल्या पुस्तकात लिफ्टवर काम करणारा पोरगा अल्बर्ट शेवटपर्यंत त्यांच्या घरात आहे. चौथ्या पुस्तकाची अर्पणपत्रिका वाचली तेव्हा बाबा फार खूश झाले होते. टॉमी-टपेन्सचं पुढे काय झालं, असं देशोदेशींहून पत्रं लिहून विचारणाऱ्या वाचकांना तिने ते पुस्तक अर्पण केलंय.

आणि मग पाचवं. सुरुवात काय सुंदर आहे! दोघं म्हातारपणी एका खेड्यातलं जुनं घर घेतात. आधीच्या मालकांची मुलांची पुस्तकं घराबरोबर आलेली असतात. टपेन्स ती लावायला बसते तर एका पुस्तकात काही अक्षरांखाली शाईने रेघा मारलेल्या. ती अक्षरं जुळवली की वाक्य निघतं, मेरी जॉर्डन नैसर्गिक मरणाने गेली नाही, ते आपल्यापैकीच कुणाचं तरी काम आहे. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

त्यानंतर पुस्तक जे भरकटलं ते भरकटलंच. टपेन्स एकाला भेटते, तो काहीतरी अर्धवट आठवून सांगतो. मग ती तेच टॉमीला सांगते. मग टॉमी दुसऱ्या कुणाला तरी भेटतो आणि पुन्हा तेच. डोळ्यांनी वाचताना अशी पानं माणूस भराभर उलटतो. मोठ्याने वाचताना, त्यातही मराठी करत वाचताना, सुटका नसते. अकराव्या-बाराव्या दिवशी बाबा म्हणाले, "अगं, हे तू काल वाचलंस." मी म्हटलं नाही बाबा, आज नवीन प्रकरण आहे. ते म्हणाले, "मग तिने दोनदा लिहिलंय." त्यानंतर ते बोटांवर मोजत बसायचे. कोण किती वर्षांचं, कोणती गोष्ट किती वर्षांपूर्वीची, आणि बेरीज जमेना.

पुस्तक संपवलं आम्ही. संपल्यावर म्हणाले, "हे तिनेच लिहिलंय का नक्की?" दुसऱ्या दिवशी साडेआठला मी पुस्तकं घेऊन गेले तर त्यांनी रेडिओ लावला होता. "आज राहू दे." त्याला आज बारा दिवस झाले.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेवटपर्यंत हात न सोडणारी एखादी रहस्यमालिका सांगा. आणि ख्रिस्तीचाच दुसरा गुप्तहेर पॉयरो, त्याचं शेवटचं 'कर्टन' वाचावं का? ते आम्ही राखून ठेवलं होतं. आता मला भीती वाटते, कारण ते १९७५ चं आहे, म्हणजे या फसलेल्या पुस्तकाच्याही नंतरचं. रक्तपात फार नको. मराठी-इंग्रजी दोन्ही चालेल. रहस्य कृपया फोडू नका.


पंचवटी_पास · रविवार, रात्री १०:५२

ताई, 'कर्टन' बिनधास्त वाचा. तुमची भीती सालामुळे आहे आणि ते साल छापल्याचं आहे. लिहिलं तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. लंडनवर बॉम्ब पडत होते, आपलं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना आधार असावा म्हणून पॉयरोचं एक आणि तिची दुसरी शोधक मिस मार्पल, तिचं एक अशी दोन पुस्तकं लिहून तिजोरीत ठेवून दिली. पॉयरोचं मुलीच्या नावे, मार्पलचं नवऱ्याच्या नावे. पॉयरोचं निघालं १९७५ ला, मार्पलचं 'स्लीपिंग मर्डर' ती गेल्यावर १९७६ मध्ये. म्हणजे ही दोन्ही शेवटची म्हणून आली खरी, पण ऐन भरातल्या बाईने लिहिलेली आहेत. तिने सगळ्यात शेवटी लिहिलेली कादंबरी तुम्ही वाचलीत तीच, 'पोस्टर्न ऑफ फेट'. तेव्हा ती ८३ वर्षांची होती.

मी नाशिकरोड-मुंबई रोज जाऊन-येऊन करतो, पंचवटीच्या पासावर. गाडीत चार वर्षांत पॉयरो सगळा संपवला, आणि छापल्याच्या क्रमाने गेलो ही चूक केली. सत्तरच्या दशकात शिरलो आणि दम लागला. १९७२ चं 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' वाचताना मला तुमच्या बाबांसारखंच झालं. प्रत्येक साक्षीदाराला काहीतरी आठवतं आणि कुणालाच नीट आठवत नाही. ते सोडून द्या, काही बिघडत नाही.

फक्त एक करा. 'कर्टन' ज्या घरात घडतं तेच घर पॉयरोच्या पहिल्या कादंबरीत आहे, १९२० चं 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'. बाबांनी तरुणपणी वाचलं असेल तरी पुन्हा वाचून दाखवा, मग मधली त्यांच्या आवडीची दोन-तीन, मग 'कर्टन'. दोन्हीकडे गोष्ट सांगणारा पॉयरोचा मित्र हेस्टिंग्जच आहे. मोठ्याने वाचायला त्याचा आवाज चांगला लागतो, मी गाडीत शेजाऱ्याला वाचून दाखवलंय.


मनमाड_जंक्शन · सोमवार, सकाळी ७:३०

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पण एक सांगू का, शेवटपर्यंत हात न सोडणारी मालिका शोधायला गेलात तर फार थोड्या सापडतील. होम्सचंच बघा. कॉनन डॉयल इतका कंटाळला होता की १८९३ मध्येच त्याने होम्सला धबधब्यात ढकललं. दहा वर्षांनी परत आणावं लागलं. शेवटचा संग्रह १९२७ चा, 'केस-बुक', आणि त्यात मला सगळ्यात काय खुपलं असेल तर काही कथांतून वॉटसनच गायब आहे. दोन कथा होम्स स्वतः सांगतो, 'मॅझरिन स्टोन' तर तिसराच कुणी सांगतो. गुन्हा ठीक, तपास ठीक, पण शेगडीजवळ बसून गोष्ट सांगणारा मित्र नाही. तुम्ही वाचून दाखवताय म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण कानाला हे डोळ्याहून लवकर कळतं.

माझा सल्ला 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'. १९०१-०२ मध्ये मासिकातून क्रमशः आलं, त्यामुळे दर थोड्या पानांनी थांबायला जागा आहे आणि थांबवत मात्र नाही. रोज पाऊण तासाच्या बैठकीला याच्यासारखं पुस्तक नाही. भालबा केळकरांचे होम्सचे मराठी अनुवाद आहेत, मिळाले तर तुम्हाला मनातल्या मनात भाषांतर करण्याचे कष्ट वाचतील.


रातराणी · सोमवार, सकाळी ९:०५

ब्योमकेश बक्षी! बंगालीतला गुप्तहेर, लेखक शरदिंदु बंदोपाध्याय. १९३२ ला सुरू केलं, काही वर्षांनी थांबवलं, पंधरा वर्षांनी पुन्हा हातात घेतलं आणि दर्जा उतरला नाही. उत्तरायुष्यात ते पुण्यात राहायचे, म्हणजे पुढच्या बऱ्याच कथा महाराष्ट्रात बसून लिहिलेल्या. ब्योमकेशही वयाने वाढतो, लग्न करतो, संसार करतो, बाबांना आवडेल. फक्त शेवटची कथा अपुरी आहे, १९७० मध्ये लेखक गेले. ती वगळा.


गोदाकाठ · सोमवार, दुपारी १:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. 'कर्टन' आधी लिहिलंय हे मला माहीत नव्हतं, डोक्यावरचं ओझं उतरलं. बाबांना फोनवरून सांगितलं तर एवढंच म्हणाले, "बरं." पण आधीच्या बारा दिवसांत पुस्तकाच्या विषयावर ते एवढंही बोलले नव्हते.

रातराणी, अपुऱ्या कथेबद्दल आधीच सांगितलंस ते बरं केलंस. ब्योमकेश यादीत घेतला.


सिडको_चौक · सोमवार, दुपारी ३:४५

मला या विषयावर थोडा राग आहे, तो मांडतो. लेखिका थकली होती हे समजू शकतं. पण पुस्तक तिच्या टेबलावरून थेट वाचकाच्या हातात येत नाही. मध्ये माणसं असतात. बेरीज जुळत नाही हे नाशिकरोडच्या एका ७८ वर्षांच्या गृहस्थाला नुसतं ऐकून कळतं, तर ते छापणाऱ्यांना कळलं नसेल? नाव खपतंय म्हणून जसं आलं तसं छापलं, असंच मला वाटतं. यात वाचक तर फसतोच, पण त्या बाईचंही नुकसान आहे. पन्नास वर्षं कष्टाने कमावलेल्या वाचकाने "हे तिनेच लिहिलंय का" असं विचारावं, याहून वाईट काय?

सल्ला म्हणाल तर काही काळ मालिकाच नको. सुहास शिरवळकर घ्या. दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन. नायक तेच, पण प्रत्येक कादंबरी सुटी. एखादी फसली तर बाजूला ठेवायची आणि दुसरी उचलायची. 'शेवटचा भाग' नावाची भीतीच नाही. आणि मुळात मराठी, त्यामुळे तुमच्या घशालाही आराम.


जुनं_कपाट · सोमवार, रात्री ११:३०

दिवसभर हा धागा वाचत होते, लिहू की नको असं चाललं होतं. गोदाकाठ, तू वर्णन केलेली पुस्तकाची सुरुवात वाचली आणि राहवलं नाही.

आधी तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. हो, तिनेच लिहिलंय. आणि त्यांच्या कानाला जे जाणवलं ते अगदी बरोबर आहे. टोरांटो विद्यापीठातल्या इयन लँकशर आणि ग्रॅम हर्स्ट या अभ्यासकांनी २००९ मध्ये ख्रिस्तीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या निवडक कादंबऱ्या संगणकावर घालून शब्द मोजले. शेवटच्या कादंबऱ्यांत वेगवेगळे शब्द कमी होत गेलेत, तीच शब्दजुळणी पुन्हा पुन्हा येते, आणि 'काहीतरी', 'कुठलीतरी गोष्ट' असले धूसर शब्द वाढलेत. स्मृतिभ्रंशाची ही खूण असावी असा त्यांचा अंदाज. तिच्या हयातीत डॉक्टरांनी तसं निदान केलेलं नव्हतं, म्हणून अंदाजच म्हणायचा. बाबांनी तेच काम बोटांवर केलं.

आता दुसरी गोष्ट. त्या घरातला तो डुलणारा मोठा लाकडी घोडा आठवतो? मॅथिल्ड. आणि ती ट्रूलव्ह नावाची छोटी घोडागाडी? आणि मोडकळीला आलेली काचेची खोली, तिचं नाव केके? या वस्तू तिने कादंबरीसाठी रचलेल्या नाहीत. ती लहान असताना त्यांच्या टॉर्कीच्या घरात, ॲशफील्डमध्ये, याच नावांचा घोडा, हीच गाडी आणि हीच काचेची खोली होती. तिच्या आत्मचरित्रात पहिल्या भागातच हे सगळं येतं. ट्रूलव्हवर बसून ती बागेच्या उतारावरून खाली यायची. तिचे वडील ती ११ वर्षांची असताना गेले, आईने ते घर जिद्दीने टिकवलं, आणि १९६० च्या दशकात ते पाडलं गेलं.

म्हणजे बघ, ८३ व्या वर्षी, शब्द हातातून निसटत असताना, तिने टॉमी-टपेन्सना एक घर घेऊन दिलं आणि त्यात आपलं पाडलेलं घर भरून ठेवलं. टपेन्स सारखी बागेत जाते, तोच घोडा, तीच गाडी पुन्हा पुन्हा बघते. रहस्य म्हणून ही कादंबरी फसली आहे, त्याबद्दल वाद नाही. मीही पहिल्यांदा वाचून चिडून ठेवून दिली होती. पण आत्मचरित्र वाचल्यावर पुन्हा उघडली आणि घोड्याची पानं वाचताना मला रडू आलं.

माझा सल्ला असा. नवी मालिका घ्यायच्या आधी आठवडाभर त्या आत्मचरित्रातला बालपणाचा भाग बाबांना वाचून दाखव. पुस्तक निघालं १९७७ ला, पण लिहिलं तिने १९५० ते १९६५ मध्ये, त्यामुळे भाषेची चिंता नको, अतिशय गोड लिहिलंय. सावानात इंग्रजी विभागात चौकशी कर. १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, आणि काउंटरवरची मंडळी शोधून द्यायला कधी कंटाळत नाहीत, निदान मला तरी तसाच अनुभव आहे.


सिडको_चौक · मंगळवार, सकाळी ८:१५

जुनं_कपाट, घोड्याचं माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो. तरीही माझं म्हणणं मागे घेत नाही. ते घरच लिहायचं होतं तर आठवणी म्हणून छापायला हवं होतं. रहस्यकथा म्हणून हातात दिलंत की वाचक गुन्हेगार शोधणार, लेखिकेचं बालपण नाही शोधणार. रेघा मारलेल्या अक्षरांनी तुम्ही त्याला वचन दिलेलं असतं.


जुनं_कपाट · मंगळवार, सकाळी १०:००

वचनाचं म्हणणं मान्य. वाचकाची फसवणूक झाली हेही मान्य. पण छापायलाच नको होतं असं मला म्हणवत नाही. ते छापलं नसतं तर टॉमी-टपेन्सचं म्हातारपण मला कधीच भेटलं नसतं. पंचाहत्तरीची दोघं एकमेकांना अजून चिडवताहेत, कुत्र्याला फिरवताहेत, नवं घर लावताहेत. रहस्यकथांत अशी म्हातारी माणसं कितीशी असतात?


दहा_भाग · मंगळवार, दुपारी २:३०

मूळ प्रश्नाकडे येतो. शेवटपर्यंत पकड ठेवणारी मालिका हवी असेल तर स्वीडनची मार्टिन बेक मालिका. माय श्योवाल आणि पेर व्हालो या जोडप्याने मिळून लिहिली. दहाच कादंबऱ्या लिहायच्या असं आधी ठरवून, १९६५ ते १९७५, वर्षाला साधारण एक. इंग्रजी अनुवाद सगळ्यांचे आहेत. दहावी आली त्याच वर्षी व्हालो गेले. मला ही मालिका आवडते कारण पोलीस चौकीतली माणसं खरी वाटतात, त्यांना सर्दी होते, घरात भांडणं होतात, तपास महिनोन्महिने अडकतो.

मात्र सावध करतो. पहिलीच कादंबरी कालव्यातून काढलेल्या एका तरुणीच्या प्रेताने सुरू होते आणि गुन्हे क्रूर आहेत. मुलीने वडिलांना मोठ्याने वाचून दाखवायला काही पानं अवघड जातील. तू आधी स्वतः वाचून बघ.


इगतपुरी_पाऊस · मंगळवार, रात्री ९:१५

फेलूदा. सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर. मुळात मुलांच्या मासिकासाठी लिहिलेला, त्यामुळे रक्तपात नाही, आणि अशोक जैनांनी केलेला मराठी अनुवाद इतका सहज आहे की वाचताना अडखळायला होत नाही. एक कथा तर आपल्या वेरूळच्या लेण्यांत घडते. बाबा वेरूळला गेलेले असतील तर तिथूनच सुरू करा. आमच्याकडे आजोबा आणि नातू दोघांना एकदम वाचून दाखवलं होतं, दोघंही झोपायला तयार नव्हते.


गोदाकाठ · पुढचा रविवार, रात्री १०:२५

मंडळी, आठवडाभर काही लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं व्हायची वाट बघत होते.

बुधवारी ऑफिसातून सुटल्यावर सिटीबसने टिळक पथावर उतरून सावानात गेले. आत्मचरित्र मिळालं. त्या रात्री साडेआठला रेडिओ सुरूच होता. मी म्हटलं, रहस्यकथा नाही वाचत, फक्त त्या घोड्याचं एक खरं सांगायचंय, पाच मिनिटं द्या. त्यांनी आवाज बारीक केला, बंद नाही केला. मी ॲशफील्डचा घोडा, ट्रूलव्ह आणि केकेची पानं वाचली. आणि ते घर पुढे पाडलं हेही सांगितलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तिने कादंबरी लिहिली तेव्हा घर पाडून किती वर्षं झाली होती?" मी म्हटलं, दहाएक. मग म्हणाले, "आमचा वाडा पाडून एकतीस झाली."

तिवंध्याजवळ त्यांचा वाडा होता. मी तो लहानपणी एकदोनदाच पाहिला, मला फक्त काळोखा जिना आठवतो. त्या रात्री सव्वादहापर्यंत बाबा बोलत होते. माडीवर कडीपाटाचा झोपाळा होता, त्याची एक कडी कुरकुरायची, आणि त्या आवाजावरून आजीला खालून कळायचं की वर कोण बसलंय. गोदेला पूर आला की भांडीबाजारापर्यंत पाणी चढायचं आणि पोरं वाड्याच्या गच्चीवरून बघायची. कोनाड्यात आजोबांची पंचांगं होती, बाबांनी त्यांतल्या एकात गृहपाठ चुकवल्याची तारीख लपवून लिहिली होती. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं त्यांची मुलगी आहे मी.

रेडिओ केव्हा बंद केला ते माझ्या लक्षात नाही आलं.

गुरुवारी त्यांनी स्वतःहून 'पोस्टर्न ऑफ फेट' मागितलं. पूर्ण नको म्हणाले, फक्त घोड्याची पानं आणि बागेची पानं. मी वाचली. तेच संवाद, तीच 'काहीतरी' आणि 'कुठलंतरी'. एका ठिकाणी ते थांबवून म्हणाले, "हे वाक्य बरोबर आहे. इथे तिला आठवतंय." पुढच्या पानावर म्हणाले, "इथे नाही." शीटा तपासायचे तसंच चाललं होतं, पण या वेळी बाद केलेली कुठलीच बाजूला काढायला सांगितली नाही.

सिडको_चौक, तुमचं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं. त्यांचं मत तुमच्या बाजूने आहे. "तपासणाऱ्याने सोडायला नको होतं," असं म्हणाले. जुनं_कपाट, तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि विचारलंय की तुम्ही जुन्या नाशकातल्या का. मला काय उत्तर द्यायचं ते कळवा.

बाकी यादी अशी ठरली. उद्यापासून 'स्टाइल्स'. मग बाबांच्या आवडीची दोन, मग 'कर्टन'. त्यानंतर वेरूळचा फेलूदा, कारण १९७१ मध्ये आईला घेऊन ते लेण्यांना गेले होते. शिरवळकर मी माझ्यासाठी आणलाय. मार्टिन बेक तूर्त बाजूला, मी पहिल्या प्रकरणातच थांबले.

बाबांनी फक्त एक अट घातली आहे. इथून पुढे कुठलंही पुस्तक सुरू करायच्या आधी ते छापलं कधी आणि लिहिलं कधी, अशी दोन्ही सालं त्यांना सांगायची. पंचवटी_पास, 'स्टाइल्स' पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलं एवढं मी शोधलंय. आणखी काही माहीत असेल तर उद्या साडेआठच्या आत लिहा.


पंचवटी_पास · पुढचा रविवार, रात्री १०:५८

लिहिलं १९१६ मध्ये. तेव्हा ती टॉर्कीच्या इस्पितळात औषधं देण्याच्या विभागात काम करत होती, विषांची माहिती तिथलीच. प्रकाशकांनी नाकारलं, मग एकाने घेतलं आणि १९२० मध्ये आधी अमेरिकेत निघालं, इंग्लंडात १९२१ ला. बाबांना दोन नाही, तीन सालं सांगा.